दाढ ठणकतेय आणि खिशात पैसे कमी आहेत : कोल्हापुरात तातडीचे दंतोपचार कसे मिळवायचे

दातांच्या दुखण्याला विमा नसतो, हे आपल्याकडे जवळपास सगळ्यांच्याच बाबतीत खरं आहे. घरात मेडिक्लेम असला तरी तो बहुतेक वेळा दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाचा खर्च देतो. दाढ काढणं, सिमेंट भरणं, रूट कॅनल ही कामं त्यात क्वचितच बसतात. त्यामुळे शिरोलीच्या फौंड्रीतला कामगार असो, हुपरीचा चांदी कारागीर असो की ताराबाई पार्कातला नोकरदार, दाढ ठणकली की प्रत्येकाला खिशातच हात घालावा लागतो. ज्याचा खिसा हलका, तो थांबतो. गोळी खातो, लवंग धरतो, पगार होईपर्यंत ढकलतो. दाताचा संसर्ग मात्र पगाराची वाट बघत नाही.

थांबण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. कुणीतरी सांगितलेला पूर्ण उपचाराचा आकडा डोक्यात बसलेला असतो : रूट कॅनल, वर कॅप, शिवाय एक्सरे. पण ती सगळी कामं आजची नसतात. आज ठणका आणि संसर्ग थांबवायचा असतो, आणि तेवढं काम कोल्हापुरात अगदी कमी पैशांत, काही ठिकाणी मोफतही होतं. दात वाचवण्याचं उरलेलं काम नंतर, सवडीनं, स्वस्त ठिकाणी करता येतं. ही दोन कामं मनात वेगळी केली की वाट दिसायला लागते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी ठरवा : आत्ता निघायचं की सकाळी

काही लक्षणं दिसली तर दंतवैद्य शोधत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. गालाची सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरायला लागली, गिळताना त्रास होतोय, लाळ बाहेर गळतेय, जीभ वर उचलल्यासारखी वाटतेय, तोंड दोन बोटांइतकंही उघडत नाही, आवाज बदललाय, श्वास घ्यायला जड जातंय, तर एक मिनिटही दवडू नका. खालच्या दाढेचा पू गळ्यात पसरला की श्वासाचा मार्ग बंद होऊ शकतो आणि हे काही तासांत घडतं. वरच्या दाढेची सूज डोळ्यापर्यंत चढली, तीही तितकीच गंभीर. सोबत थंडी वाजून ताप असेल, किंवा माणसाला मधुमेह असेल, तर आणखी लवकर निघा. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते.

जबड्यावर मार बसून दात एकमेकांवर नीट बसेनासे झाले, किंवा दात काढल्यावर स्वच्छ कापूस अर्धा तास घट्ट चावून धरूनही रक्त थांबत नसेल, तर तेही रात्रीचंच काम आहे. आणखी एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी लक्षात ठेवा : डाव्या जबड्यात दुखतंय, दात मात्र नेमका सापडत नाही, घाम फुटलाय, छातीत दडपण आहे, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. अशा वेळी दातांचा विचार बाजूला ठेवा.

बाकी म्हणजे नुसता ठणका, थंड-गरम लागल्यावर उठणारी कळ, हिरडीवर आलेली छोटी पुळी, पडलेलं सिमेंट, निखळलेली कॅप, येणारी अक्कलदाढ. ही सगळी सकाळपर्यंत थांबू शकतात. सकाळपर्यंत म्हणजे खरंच सकाळपर्यंत. पुढच्या आठवड्यापर्यंत नाही.

रात्र काढायची असेल तर

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा. दातात अन्न अडकलं असेल तर ते दोऱ्यानं हळूच काढा. पुष्कळदा निम्मं दुखणं तिथेच उतरतं. आडवं झाल्यावर ठणका वाढतो, म्हणून दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. बाहेरून गालावर कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा. सुजलेल्या गालाला गरम शेक देऊ नका. आपल्याकडे वाळूचा किंवा विटेचा शेक देण्याची सवय आहे, पण पू असेल तर शेकानं सूज आणखी पसरते.

गोळ्यांचं बोलायचं तर मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी दर सहा तासांनी चालते. जेवणानंतर आयब्युप्रोफेन ४०० घेतली तर दातांच्या दुखण्यावर ती जास्त उपयोगी पडते, आणि या दोन्ही गोळ्या एकत्र घेता येतात. आयब्युप्रोफेन मात्र मूत्रपिंडाचा आजार, पोटात व्रण, दमा, रक्त पातळ करणारी औषधं चालू असणं, डेंग्यूची शंका किंवा गरोदरपण असेल तर घेऊ नका. मेडिकलमधून मिळणाऱ्या कितीतरी दुखण्याच्या गोळ्यांत आधीच पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्या घेतल्या की तेच औषध दुप्पट पोटात जातं आणि यकृतावर ताण येतो. म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर दुकानदाराकडून वाचून घ्या. लहान मुलांना वजनाप्रमाणे डोस लागतो, तेव्हा मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. ॲस्पिरिन तर मुलांना अजिबात नको.

लवंगेच्या तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन किडलेल्या खड्ड्यात धरला तर बधिरपणा येतो. हा उपाय खरा आहे, पण बाटली हिरडीवर ओतली तर हिरडी भाजते. हिरडीवर चुरडलेली गोळी लावल्यानं तेच होतं. तंबाखूची चिमूट किंवा मशेरी दाढेत दाबून ठेवणं तर पूर्ण सोडा. थोडा वेळ बधिर वाटतं, पण जखमेला ते विषासारखं असतं.

आता अँटिबायोटिक. दाढ दुखली की ओळखीच्या मेडिकलमधून तीन दिवसांचा कोर्स घ्यायचा, ही आपल्या भागातली फार मोठी सवय आहे आणि ती महाग पडते. दाताच्या नसेला आलेली सूज अँटिबायोटिकनं उतरत नाही, कारण आतली नस मरत आली की औषध तिथवर पोचतच नाही. पू झाला असेल तर त्याला वाट करून द्यावी लागते : एकतर दात उघडून, नाहीतर दात काढून, नाहीतर हिरडीला छोटा छेद देऊन. ताप असेल किंवा सूज पसरत असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात, पण या कामाच्या जोडीला. स्वतःच्या मनानं घेतलेल्या कोर्सनं दोन आठवडे दुखणं दबतं आणि मग दाढ वाचवण्याची वेळ निघून गेलेली असते.

दात मुळासकट निखळून पडला तर

तालमीत, शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळताना, गाडीवरून पडून, असं हमखास होतं. इथे पैशांपेक्षा मिनिटांना किंमत आहे. पडलेला दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधानं किंवा स्वच्छ पाण्यानं क्षणभर खंगाळा, घासू नका, कपड्यानं पुसू नका. माणूस शुद्धीवर असेल आणि धीर होत असेल तर दात त्याच्या जागी सरळ बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. ते जमत नसेल तर पेलाभर थंड दुधात दात बुडवून न्या. कोल्हापुरात कोणत्याही कोपऱ्यावर दुधाची पिशवी मिळते, तेव्हा साध्या पाण्यात किंवा कागदात गुंडाळून दात नेण्याची वेळ येऊ नये. अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोचलात तर दात पुन्हा धरण्याची शक्यता चांगली असते. तासाभरानंतर ती झपाट्यानं कमी होते. अशा वेळी सर्वांत जवळचा उघडा दवाखाना हाच योग्य दवाखाना. स्वस्त ठिकाण शोधत शहर ओलांडू नका. लहान मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, कारण त्यानं खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

कोल्हापुरात पहिली पायरी : सीपीआर

टाउन हॉलसमोरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर, हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. तिथे दंत विभाग आहे. केसपेपर नाममात्र पैशांत निघतो. दात काढणं, पूला वाट करणं, साधं सिमेंट भरणं अशी कामं खासगी दवाखान्याच्या तुलनेत फारच थोड्या पैशांत होतात. सकाळच्या ओपीडीला रांग असते, म्हणून केसपेपरच्या खिडकीवर लवकर उभं राहा. सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुना एक्सरे असेल तर तो न्या. उपाशी पोटी जाऊ नका. दाताच्या इंजेक्शनआधी थोडं खाल्लेलं असावं, नाहीतर चक्कर येते.

रात्री किंवा रविवारी गेलात तर अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो. त्या वेळी दंतवैद्य हजर असेलच असं धरून चालू नका. पण वर सांगितलेली गंभीर सूज असेल तर तिथे भूल देणारे, कान-नाक-घसा आणि शस्त्रक्रियेचे डॉक्टर मिळू शकतात. गळ्यात पसरलेल्या संसर्गाला नेमकी त्यांचीच गरज असते, आणि एकट्या दंत दवाखान्यात ती सोय नसते.

औषधं किंवा तपासण्या बाहेरून आणायला सांगितल्या आणि ते झेपत नसेल, तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. हे पद अशाच कामासाठी असतं. लाजू नका, भांडूही नका. "एवढे पैसे नाहीत, काय करता येईल?" असं सरळ विचारा.

जिल्ह्यात राहणाऱ्यांनी आधी जवळचं सरकारी रुग्णालय बघावं. इचलकरंजीत इंदिरा गांधी सामान्य रुग्णालय, म्हणजे आयजीएम आहे, गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. सीपीआर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यानं तिथले नियम वेगळे. निघण्याआधी फोन करून दंतवैद्य कोणत्या दिवशी बसतात, एवढं विचारून घ्या. रोजंदारी बुडवून गेलेल्या माणसाला "उद्या या" ऐकावं लागणं हा या सगळ्यातला सगळ्यात वाईट खर्च.

शाळेतल्या किंवा अंगणवाडीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी होते आणि दातांच्या तक्रारीही येतात. शिक्षकांना किंवा अंगणवाडी सेविकेला सांगितलं तर तपासणीच्या पथकाकडून मोफत उपचारासाठी चिठ्ठी मिळते.

दुसरी पायरी : दंत महाविद्यालय

रूट कॅनल, दाढेची कॅप, अक्कलदाढेची शस्त्रक्रिया, कवळी. ही कामं स्वस्तात आणि नीट करून घ्यायची असतील तर माझं मत अगदी स्पष्ट आहे : दंत महाविद्यालयात जा. तिथे विद्यार्थी काम करतात म्हणून लोक बिचकतात. पण प्रत्येक टप्प्यावर शिक्षक येऊन तपासतात, आणि अवघड दाढ पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे, म्हणजे आधीच दंतवैद्य झालेल्या आणि पुढचं तीन वर्षांचं शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरकडे जाते. पैसे कमी लागतात, त्या बदल्यात वेळ द्यावा लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातल्या नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या वाठारहून वारणानगरकडे वळलं की ते वाटेवरच लागतं. सांगली बाजूला दोन महाविद्यालयं आहेत : सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय. जयसिंगपूर, शिरोळकडच्यांना हीच सोयीची. कोल्हापुरातून मिरजेपर्यंत रेल्वेनं गेलं तर तिकीटही हलकं पडतं. पेठ भागातल्यांना कऱ्हाडच्या कृष्णा विद्यापीठाचं दंत महाविद्यालय चालेल. चंदगड आणि आजऱ्याच्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव सोपं, तिथे केएलईचं दंत महाविद्यालय आहे.

तिथली पद्धत माहीत असली की गोंधळ होत नाही. आधी नोंदणी, मग निदानाचा विभाग. तिथे तोंड तपासून छोटा एक्सरे काढतात आणि पुढच्या विभागाची चिठ्ठी देतात : दात काढायचा तर मुखशल्य विभाग, रूट कॅनलचा वेगळा, लहान मुलांचा वेगळा, कवळीचा वेगळा. पहिल्या खोलीतच ठामपणे सांगा की तीव्र दुखतंय, झोप लागत नाही. मग त्याच दिवशी दात उघडून आतला दाब मोकळा करतात आणि वर तात्पुरतं सिमेंट लावतात. ठणका तिथेच थांबतो. पुढच्या तारखा मात्र चुकवू नका. दुखणं थांबलं म्हणून मध्येच सोडलेलं रूट कॅनल काही महिन्यांत परत सुजतं, आणि मग पुष्कळदा ती दाढ काढण्यावाचून इलाज उरत नाही. ऊसतोडीला किंवा बाहेरगावी कामाला जाणार असाल तर हे आधीच डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते त्याप्रमाणे टप्पे बसवतील.

"मला विमा नाही" म्हणण्याआधी पगाराची चिठ्ठी बघा

गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल पंचतारांकित वसाहतीतल्या कित्येक कामगारांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे राज्य कामगार विम्याची रक्कम कापली जाते आणि त्यांना ती कशासाठी हे ठाऊक नसतं. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखाना या कायद्याखाली येत असेल, तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जमा होतात. त्या बदल्यात तुम्हाला आणि घरच्यांना राज्य कामगार विम्याच्या दवाखान्यात उपचार मिळतात, त्यात दातांचेही. विमा क्रमांक पगाराच्या चिठ्ठीवर असतो. नसेल तर कारखान्याच्या कार्यालयातून मागून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल गैरसमज खूप आहेत. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असलं तरी साधं दात काढणं किंवा रूट कॅनल तिच्यात बसत नाही. अपघातात जबड्याचं हाड मोडलं, किंवा तोंडाचा कर्करोग निघाला, तर मात्र योजना उपयोगी पडते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा.

धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर आणखी एक हक्क आहे. कायद्यानं त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड लागतं. जिवावर बेतलेल्या रुग्णाला अनामत रक्कम मागून अडवता येत नाही, हे लक्षात ठेवा आणि वेळ आलीच तर शांतपणे बोलून दाखवा.

खासगी दवाखान्यातच जावं लागलं तर

रात्री आठ वाजता राजारामपुरीतला एखादा दवाखाना उघडा असतो आणि ठणका सहन होत नाही, असं होतंच. खुर्चीत बसण्याआधी सांगा : "डॉक्टर, आज फक्त दुखणं थांबेल एवढं करा. पुढचं मी विचार करून सांगतो." बहुतेक डॉक्टर हे समजून घेतात. आजच्या कामाचे किती, त्यात एक्सरे धरला का, औषधं किती दिवसांची, हे तोंडी स्पष्ट करून घ्या. रूट कॅनलचा आकडा सांगितला तर त्यात कॅप धरली आहे का ते विचारा, कारण तिचे पैसे सहसा वेगळे असतात आणि तिथेच हिशेब चुकतो. समोरच्या दातांपेक्षा दाढेच्या रूट कॅनलला जास्त पैसे पडतात, कारण दाढेत नसेच्या वाटा जास्त असतात. हप्त्यानं द्यायची सोय आहे का हेही विचारा. काढलेला एक्सरे मागून घ्या किंवा मोबाइलवर त्याचा फोटो घ्या, म्हणजे महाविद्यालयात तो दाखवता येतो. औषधांच्या चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव लिहून मागितलं तर जनऔषधी केंद्रात तीच गोळी पुष्कळ स्वस्त मिळते.

दात वाचवायचा की काढायचा, हा प्रश्न पैशांच्या ओझ्याखाली घाईनं सोडवू नका. काढणं आज स्वस्त, हे खरं. पण खालची पहिली दाढ गेली की चावणं एका बाजूला येतं, शेजारचे दात झुकतात, आणि पुढे ती जागा भरायला रूट कॅनलपेक्षा जास्त खर्च येतो. वेडीवाकडी आलेली, वारंवार सुजणारी अक्कलदाढ काढलेली बरी. फक्त मूळ उरलेली दाढही सहसा काढावी लागते. तरुण माणसाची चावायची दाढ मात्र आज उघडून, तात्पुरती झाकून, महिनाभरात महाविद्यालयात नेता येत असेल तर ती वाचवा.

रस्त्याकडेला किंवा बाजारात बसून दात काढणारे, लगेच दात "बसवून" देणारे यांच्याकडे जाऊ नका, कितीही कमी पैसे सांगितले तरी. न उकळलेल्या हत्यारांतून हिपॅटायटिस बी आणि सी पसरतो, आणि हिरडीवर कायमचा चिकटवलेला दात खाली सडत राहतो. भिंतीवर बीडीएस पदवी आणि दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे बघण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

बाई गरोदर असेल तर दातांचं दुखणं बाळंतपणापर्यंत ढकलू नये. तातडीचे उपचार केव्हाही करता येतात, फक्त डॉक्टरांना महिना सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. हृदयाची झडप बदललेली असेल तर तेही आधीच सांगा.

दात काढून घरी आल्यावर

कापूस अर्धा-पाऊण तास चावून धरा, सारखा काढून बघू नका. त्या दिवशी थुंकू नका, चुळा भरू नका, नळीनं काही ओढून पिऊ नका. खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठच जखम भरून आणते. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा. गार ताक-भात, मऊ खिचडी चालेल, तांबडा रस्सा चार दिवस लांब ठेवा. विडी, सिगारेट, तंबाखू, मशेरी निदान तीन दिवस बंद. ओढणाऱ्यांच्या खड्ड्यातली गाठ निघून हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या दिवशी कानापर्यंत कळा जातात. तसं झालं तर गोळ्या वाढवू नका, परत जा. खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली की काही तासांत आराम पडतो.

आणि तोंड उघडून बसलाच आहात, तर डॉक्टरांना गालाची आतली बाजू आणि जिभेच्या कडाही बघायला सांगा. तंबाखू किंवा मशेरीची सवय असेल तर हे नक्की करा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, हळूहळू कमी उघडणारं तोंड यांना दुखत नसलं तरी दाखवावं लागतं. ती तपासणी सीपीआरच्या त्याच केसपेपरवर होते.